थांब्यावरचा दुसरा निवारा

आमच्या थांब्यावर एक प्रवासी निवारा होताच. बाकडं शाबूत, पत्रे शाबूत. सकाळची सरकारी बस तेवढी बंद झाली, आणि महिनाभरात शेजारीच दुसऱ्या निवाऱ्याचा पाया खोदायला घेतला. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. आमच्याकडं झोपेसुद्धा दोन.

काम माझ्या मेहुण्याला मिळालं होतं. विटांवर पाणी मारता मारता तो मलाच शिकवायचा, "दाजी, गाडी तोट्यात होती. अर्ध्या गाडीत फुकट पासवाल्या पोरी. सरकारनं असले धंदे करूच नयेत."

माझं डोकंच फिरायचं. त्या पोरींत माझीही एक होती, तालुक्याच्या कॉलेजात, अकरावी सायन्सला. सरकारनंच पास फुकट दिला आणि पोरी फुकट बसतात म्हणून गाडी बंद! अरे, रस्ता कुठं नफा कमावतो? हा तुझा निवारा काय कमावणार आहे? त्याला कुणी तोटा का म्हणत नाही?

"तुमी मास्तर लोक लय बोलायलाव," म्हणून तो पुढची वीट भिजवायचा.

माझी शाळा उलट्या दिशेला, तिला सोडायला जमायचं नाही. त्यामुळं पोरगी काळी-पिवळीनं देवगाव फाट्यापर्यंत आणि पुढं मिळेल त्यानं जायची. जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून प्रॅक्टिकल बुडायची. बायको म्हणायला लागली, "आर्ट्स घेऊन बाहेरून परीक्षेला बसू दे." पोरगी दर वेळी ठाम नको म्हणायची. त्या एका 'नको'वर मी तग धरून होतो.

उद्घाटनाला शाळेची पोरं घेऊन हजर राहायचा मला हुकूम होता. सकाळीच लाल गाडी आली. पोरगी बॅग सावरत पळाली. मलाही वाटलं, ऐकलं बुवा कुणीतरी! गाडीतून पाहुण्यांची माणसं उतरली.

"मास्तर, ही कार्यक्रमाची गाडी हाय," ड्रायव्हर म्हणाला. "लोकं आणायला दिली. पाशिंजर घ्यायचे न्हाईत. संपेपर्यंत हितंच उभी."

काळ्या-पिवळ्याही माणसं आणायला गेलेल्या. तेवढ्यात मेहुणा ओवाळणीचं ताट घेऊन आला. "बरी सापडलीस. पाहुण्यांना ओवाळायला थांब."

"मामा, माझं प्रॅक्टिकल हाय."

"आता कशी जाशील? गाडी कुठं हाय?"

गाडी त्याच्या पाठीशी उभी होती, अख्खी रिकामी. पोरीनं तिच्याकडं पाहिलं आणि ताट घेतलं.

संध्याकाळी बायकोनं आर्ट्सचा विषय काढला. पोरगी नको म्हणाली नाही.