अभ्र्यातले फोन

लोवेल क्रेब्जला कुणी विचारलं की तुम्ही विद्यापीठात नेमकं काय करता, तर तो म्हणायचा, "काही होऊ देत नाही." विचारणारा हसायचा. लोवेल हसायचा नाही, कारण त्याने खरं तेच सांगितलेलं असायचं. त्याच्या दारावर ‘समन्वयक, बंधुमंडळे व भगिनीमंडळे जीवन’ अशी पाटी होती. त्यातला ‘जीवन’ हा शब्द कुणा वरिष्ठाने शोभेसाठी घातला असावा. लोवेल मात्र तो शब्दशः घेत असे.

एल्म रस्त्याच्या दोन्ही बाजूंना या मंडळांची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटींची, घरं आहेत. पांढरे खांब, कापलेली हिरवळ, दारावर ग्रीक अक्षरं. आत राहणाऱ्यांपैकी एकालाही ग्रीक येत नाही. मुलांची घरं वेगळी, मुलींची वेगळी, आणि बाकीची सगळी घरं आपल्यावर जळतात ही प्रत्येक घराची पक्की समजूत. ऑगस्टात मुलींची निवड चालते तेव्हा आठवडाभर कॅन्ससच्या उन्हात शेकडो मुली या घरातून त्या घरात हसत जातात, आणि ज्यांना हवं ते घर मिळत नाही त्यांच्या आया लोवेलला फोन करतात. ऑक्टोबरात माजी विद्यार्थ्यांची मिरवणूक असते. तिच्या चित्ररथासाठी कुठल्या बंधुमंडळाची जोडी कुठल्या भगिनीमंडळाशी लावायची, हे ठरवण्यापेक्षा राजघराण्यांच्या सोयरिकी सोप्या. शिवाय एका घराने दुसऱ्याच्या भिंतीवरून सभासदांचा मोठा फोटो पळवला, की दोन्ही अध्यक्षांना समोरासमोर बसवून, चोरीला चोरी न म्हणता, तो परत मिळवून देणं हेही त्याच्याकडेच.

तो स्वतः कुठल्याच मंडळात नव्हता. राज्याच्या पश्चिमेकडल्या गव्हाच्या गावातून शिकायला आला तेव्हा त्याने एका भगिनीमंडळाच्या घरात वाढप्याचं आणि भांडी घासण्याचं काम धरलं. सूप गार आहे म्हणून तक्रार करणारी एक मुलगी पुढे त्याची बायको झाली. जूडिथची सुपाबद्दलची तक्रार अजून मिटलेली नाही. सांगायचं एवढंच की या घरांशी लोवेलची ओळख मागच्या दाराने झाली, त्यामुळे पुढच्या खांबांचा त्याच्यावर काही परिणाम होत नसे.

परिणाम व्हायचा तो फोनच्या घंटीचा. देशात कुठे ना कुठे, अशाच एखाद्या घराच्या तळघरात, ज्यांना तो भाऊ म्हणतो त्यांच्या गराड्यात एखादा मुलगा जीव गमावतो. रॅगिंगला परंपरा म्हटलं की ते करणाऱ्याला हुरूप येतो. अशी प्रत्येक बातमी लोवेल शेवटपर्यंत वाचायचा आणि आम्लपित्ताची गोळी चघळायचा. त्याच्या घराच्या, गाडीच्या आणि ऑफिसच्या खणांत त्या गोळ्या असायच्या. जूडिथ म्हणायची, "तू मेलास तर तुझ्या खिशात खडूचा डोंगर सापडेल."

त्या रविवारी तो नाश्त्याला बसत होता तेव्हा फोन आला.

"मिस्टर क्रेब्ज? मी कार्ला ओडेगार्ड. सोरेनची आई, मिनेसोटाहून बोलतेय."

आवाज अगदी शांत होता. ओरडणाऱ्या आया लोवेलला चालत. शांत आयांची त्याला भीती वाटे.

"सोरेन त्या एल्म रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घरात नवीन सभासद झालाय," ती म्हणाली. "त्याला मधुमेह आहे, लहानपणापासून. दंडावर सेन्सर लावलेला असतो. साखरेचा आकडा त्याच्या फोनवरून माझ्या फोनवर येतो. काल संध्याकाळपासून आकडाच नाही."

"बॅटरी संपली असेल..."

"मीही आधी तेच म्हटलं. मग तुमच्या पोलिसांना त्याच्या हॉस्टेलवर पाठवलं. पलंगावर कुणी झोपलेलं नाही. साखर उतरली की रात्री माझा फोन वाजतो. बहुतेक रोजच वाजतो. काल नाही वाजला. मी रात्रभर झोपले, मिस्टर क्रेब्ज. डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं."

लोवेलने बुटात पाय घातले. जूडिथने काही न विचारता त्याच्या हातात गाडीची किल्ली दिली.

कोपऱ्यावरच्या त्या घराचं मधलं ग्रीक अक्षर वसंतातल्या वादळात पडलं होतं आणि ते परत लावायचं कोणी यावर घरात दोन तट होते. दार उघडलं ते ग्रेडी मलेन्सने. हा घराचा अध्यक्ष. अर्ध्या चड्डीत, अनवाणी, हातात कालचा पिझ्झा.

"सोरेन ओडेगार्ड कुठंय?" लोवेलने विचारलं.

"कुठला सोरेन?"

"तुझा भाऊ."

ग्रेडीने पिझ्झा खाली ठेवला. "हां, तो. नवीन पोरांपैकी, उंच, सोनेरी केसांचा. खरं सांगू का, ते आम्हालाही माहीत नाही. आम्हीच शोधतोय."

तेवढ्यात जिन्याखालून घरघर ऐकू आली. एक थांबली की दुसरी, मग दोन मिळून. लोवेल वाकला. कोपऱ्यात उशीचा एक अभ्रा होता, गाठ मारलेला.

"यात काय आहे?"

"कपडे."

"कपडे वाजतायत, ग्रेडी."

लोवेलने गाठ सोडली. आत फोन होते, सगळ्या नव्या पोरांचे. वरच्याच्या पडद्यावर ‘मॉम’ असं लिहून आलं, मग विझलं. खालून दुसरी कुणाची तरी मॉम वाजायला लागली. लोवेलने आजवर वाचलेल्या बहुतेक बातम्यांत पहिल्या परिच्छेदात हेच असायचं: नवीन मुलांचे फोन काढून घेतले होते.

"आम्ही नाही घेतले," ग्रेडी म्हणाला. "तेच ठेवून गेले."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतोय. बसा ना, मिस्टर क्रेब्ज, तुम्ही पांढरे पडलात."

लोवेल बसला नाही. मग ग्रेडीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दर शरदात नवीन पोरं एक रात्र पळ काढतात. पळताना घरातली सर्वांत लाडकी वस्तू बरोबर न्यायची. रविवारच्या जेवणापर्यंत जुन्यांनी त्यांना शोधून काढलं तर ठीक, नाहीतर महिनाभर भांडी जुन्यांनी घासायची. फोन जवळ असला की नकाशावर ठिकाण दिसतं, म्हणून फोन ठेवून जायचे.

"या प्रथेवर बंदी आहे. मीच घातलीय."

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं नाही."

"मागच्या वर्षी काय नेलं होतं?"

"रेड्याचं डोकं. भिंतीवरचं."

"आणि यंदा?"

ग्रेडी स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत राहिला. "मॉम विल्माला."

प्रत्येक घरात एक पगारी आई असते. ती तळमजल्यावर राहते, जेवणाच्या टेबलावर काटे कुठल्या बाजूला ठेवायचे ते शिकवते आणि पाहू नये ते पाहत नाही. या घरची विल्मा श्राग. सत्तरी ओलांडलेली, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातली विधवा. दारूचा थेंबही न शिवलेली ही बाई या घरात कशी टिकली याचं कोडं लोवेलला कधी सुटलं नव्हतं. पोरं तिला घाबरत आणि तिच्यासाठी भांडत.

"सोरेनच्या साखरेचं कुणाला माहितीय?" लोवेलने विचारलं.

"कसली साखर?"

लोवेलने गोळी तोंडात टाकली. या पोराला भाऊ करून घेताना यांनी त्याच्याकडून पाच गाणी पाठ करून घेतली होती.

विल्माची गाडी मागच्या अंगणात होती. तिचा मोबाईल त्याच गाडीच्या कप्प्यात, बंद. मोबाईल अपघातासाठी असतो आणि अपघात गाडीत होतात, असं तिचं साधं गणित होतं. डीनचा फोन आला. पोलिसांकडून त्यांना कळलं होतं. घर बंद करायची नोटीस आत्ताच काढू का, असं ते विचारत होते. "आधी मुलगा सापडू दे," लोवेल म्हणाला, "नोटीस कुठं पळून जात नाही."

मग तो विल्माच्या गाडीला टेकून विचार करत उभा राहिला. पोरं विल्माला पळवू शकतात. रात्री शेकोटीपाशी बसवू शकतात, ट्रकमध्ये घालून नेऊ शकतात. पण रविवार सकाळची प्रार्थना चुकवायला तिला कुणी लावू शकत नाही, आणि परक्या चर्चमध्ये ती जाणार नाही, कारण तिथली कॉफी पांचट असते हे तिने त्याला अनेकदा ऐकवलं होतं. तिचं माहेर ओल्टेनाउ. तासाभराच्या आत पोचता येतं. त्याने तिथल्या चर्चचा नंबर शोधून लावला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईने उचलला. मागे भांडी वाजत होती.

"प्रार्थना चालूय," बाई म्हणाली. "मी हॅमपाशी आहे. कोण हवंय?"

"विल्मा श्राग आलीय का आज?"

"आलीय ना. एक अख्खी रांग भरून पोरं आणलीयत. टाय घातलेली. गातात मात्र अगदी वाईट."

"त्यांच्यात एक उंच, सोनेरी केसांचा मुलगा आहे का?"

"अहो, इथं सगळेच उंच आणि सोनेरी केसांचे आहेत," बाई म्हणाली. "फोन ठेवते, रस्सा लागेल."

लोवेलने कार्ला ओडेगार्डला फोन केला. नवीन मुलं एका चर्चमध्ये आहेत, जबाबदार बाई सोबत आहे, सोरेन त्यांच्यात असावा, पण मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तसं म्हणणार नाही, असं त्याने सांगितलं. इतर कुणी म्हणालं असतं, सावकाश जा.

"गाडी जोरात चालवा," ती म्हणाली.

त्याने चालवली. कापणी झालेली ज्वारीची शेतं, मग धान्याची कोठारं, मग चर्चचा साधा पांढरा कळस. ‘असावा’ हा शब्द सगळ्या वाटेवर त्याच्या शेजारच्या सीटवर बसून होता. पोरांची एक रांग म्हणजे सगळी पोरं असं कुठं होतं? एखादा, जिथे रात्र काढली तिथे मागे झोपून राहिलेला असू शकतो. आज उठत नाही, म्हणून बाकीच्यांनी त्याला झोपू दिलेलं असू शकतं.

तो पोचला तेव्हा प्रार्थना संपून सगळे जेवायला खाली गेले होते. खाली म्हणजे तळघरात. लोवेल कठड्याला धरून पायऱ्या उतरला.

लांब टेबलं, कागदी टेबलपोस, हॅमचा आणि ताज्या पावाचा वास. मधल्या टेबलावर पोरांची रांग, शर्टांना सुरकुत्या, केसांत गवत. प्रत्येकाच्या ताटात व्हेरेनिका, म्हणजे चक्का भरून उकडलेल्या करंज्या, आणि वर पांढरा रस्सा.

"सोरेन ओडेगार्ड," लोवेल म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

शेवटून दुसऱ्या पोराने हात वर केला. तोंड भरलेलं होतं. ताटाशेजारी डबीएवढं एक यंत्र होतं, त्याच्या पडद्यावर आकडा.

"लोवेल," विल्मा टेबलाच्या टोकावरून म्हणाली, "तू काही खाल्लंयस का? तोंड बघ तुझं."

"विल्मा, याची साखर—"

"मला माहितीय ना. त्याने निघतानाच सांगितलं. रात्री दोनदा उठून बघितलं, एकदा ज्यूस पाजला. माझ्या नवऱ्यालाही होती. का, काय झालं?"

"याच्या आईला आकडा दिसत नाहीये. काल संध्याकाळपासून."

विल्माने मान वळवून सोरेनकडे बघितलं. ती बघते तेव्हा पोरं हातातले काटे खाली ठेवतात. सगळ्यांनीच ठेवले.

सोरेनने घास गिळला. "हे यंत्र मला दाखवतं," तो म्हणाला. "तिला आकडा जायला माझा फोन लागतो. ते मला माहीत होतं."

"माहीत असून फोन ठेवून आलास?"

"तिचा फोन रात्री माझ्यामुळे वाजतो. गेली कित्येक वर्षं. मला वाटलं, आकडाच गेला नाही तर वाजणार नाही. एक रात्र झोपेल ती."

लोवेलकडे या प्रकारासाठी ठरलेलं भाषण होतं. तो ते दर सप्टेंबरात देत असे. त्यातलं एकही वाक्य इथं बसेना. त्याने फोन लावला.

"मिसेस ओडेगार्ड, माझ्या समोर बसलाय. डोळ्यांनी बघतोय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "आकडा?"

लोवेलने वाकून बघितलं. "एकशे अठरा."

"बाण?"

"आडवा."

"आडवा, म्हणजे स्थिर," ती म्हणाली, आणि त्या शांत आवाजाला एकदाचा तडा गेला. "द्या त्याला."

सोरेनने फोन घेतला. "मॉम," तो म्हणाला, "झोपलीस का?"

उत्तर लांबलचक होतं. सोरेनचे कान लाल झाले, मग त्याहून लाल. मधेच एकदा तो हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "पण झोपलीस ना?" शेजारचा पोरगा अत्यंत मन लावून मीठदाणीकडे बघत होता.

लोवेल खुर्चीत बसला. आता अहवाल लिहावा लागणार होता. बंदी मोडली होती आणि ती मोडली असंच तो लिहिणार होता. घर बहुधा चालू राहील. पुढल्या पळाची मात्र गोष्टच नको. त्याने डीनना कळवलं, पोलिसांना कळवलं. विल्माने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याला आठवेना की या आधी पोट न दुखता त्याला भूक कधी लागली होती.

तिसरी करंजी तोंडात असताना ग्रेडीचा फोन आला.

"सापडला का?"

"सापडला. छान आहे." लोवेलने घास गिळला. "उद्या सकाळी माझ्या ऑफिसात यायचं. येताना मधुमेहाबद्दल वाचून यायचं. तुझ्या सगळ्या जुन्यांनी. मी प्रश्न विचारणार आहे."

"हो, हो. नक्की." ग्रेडीचा सुटकेचा श्वास फोनमधूनही जाणवला. मग त्याने आवाज खाली आणला. "आणि मॉम विल्मा? म्हणजे, कुठं आहेत ते सगळे? जेवणाची वेळ होत आली. नाहीतर महिनाभर भांडी."

लोवेलने विल्माकडे बघितलं. विल्माने काट्याला टोचलेल्या करंजीसकट मान हलवली, नाही.

"पाणी जरा गरम घ्या," लोवेल ग्रेडीला म्हणाला. "ओशटपणा लवकर सुटतो. मी केलंय ते काम." आणि रस्सा अजून थोडा मिळेल का, म्हणून त्याने ताट पुढे केलं.