भाड्याच्या घरावरचा वाल

अलाबामातल्या आमच्या गावात माणसं कमी आणि क्रेन जास्त. सोमवारी ज्या शेतात गाई चरायच्या, तिथे शुक्रवारी चार मजली अपार्टमेंट उभं. गाई बहुधा दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलेल्या. अशा ठिकाणी अंगणासकट जुनं लाकडी घर भाड्याने मिळालं, तेव्हा आम्ही नवरा-बायकोने पायरीवर बसून भाडेकरार दोनदा वाचला.

त्या उन्हाळ्यात अलिबागहून आई आली. दुसऱ्याच सकाळी मागच्या कुंपणापाशी थबकली.

"अरे, एवढा वाल लावलायस आणि फोनवर एका शब्दाने बोलला नाहीस?"

तीन-तीन पानांचा तो वेल मी लावला नव्हता. पण आईपुढे कोण बोलणार? तिने मला बांबू आणायला पिटाळलं, मांडव घातला, रोज पाणी घातलं. डाळिंब्यांच्या उसळीसाठी नारळ खवून फ्रीजरमध्ये तयार.

आणि वेल सुटला! चहाच्या वेळी कुंपणावर, जेवणाच्या वेळी छपरावर. मी अंगणात उभ्या उभ्या ऑफिसची मीटिंग केली. ती लांबली, तर संपेपर्यंत हा वेल माझ्या पोटरीला वेढा घालून मोकळा. श्रावणात जांभळी फुलं आली आणि पिकल्या द्राक्षांचा असा घमघमाट सुटला की आम्ही तिघं माना वर करून हुंगत उभे.

"हे सगळं त्याच भाड्यात?" बायको हळूच म्हणाली.

मग घरमालकीणबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण काठीसारख्या ताठ. मांडव बघून मात्र त्यांनी गाडीचं दार घट्ट धरलं.

"याला पाणी कोणी घातलं?"

"मी!" आईने अभिमानाने छातीवर हात ठेवला.

"अहो बाई, हा कुड्झू, घरंदारं गिळणारं तण! याला मारता मारता माझ्या वडिलांचा जन्म गेला, आणि तुम्ही त्याला मांडव घातलात?"

खरा घाव पुढे होता. एक बिल्डर घर मागत होता आणि त्या विकणार होत्या. मोजणीसाठी अंगण साफ करायचं आणि महिनाअखेरीस आम्ही निघायचं. पुन्हा अंगण मिळणं विसराच. नव्या इमारतींत कुंडी ठेवायलाही परवानगी लागते.

वेल काढायला ट्रेलर भरून शेळ्या आल्या. त्याही भाड्याने!

"म्हणजे ह्यासुद्धा आपल्यासारख्याच," आई म्हणाली आणि मांडवाकडे पाठ करून बसली.

शेळ्यांनी हिरवा डोंगर खायला घेतला. दुपारी मागच्या कोपऱ्यातल्या वर्षानुवर्षांच्या वेलांच्या ढिगात काही चमकलं. आधी दिवा, मग बॉनेट, मग अख्खा निळा पिकअप ट्रक.

शेळ्यांवर लक्ष ठेवायला आलेल्या घरमालकीणबाई तशाच चालत गेल्या. सीटवर मासेमारीची जुनी टोपी होती.

"मला म्हणाला होता, विकला," त्या पुटपुटल्या. "लबाड मेला." त्यांचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बॉनेटवर हात ठेवून त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

मग मोजणीची टेप घेऊन आलेल्या बिल्डरच्या माणसाला म्हणाल्या, "गुंडाळ ती. त्याने ट्रक विकला नाही, मीही घर विकणार नाही."

त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, ट्रकला किल्लीच नव्हती. आई कोणाचीच बाजू घेत नाही. ती तेव्हा ट्रकच्या टायरजवळ वाकली होती. तिथे एक कोवळा हिरवा कोंब वर आला होता, आणि तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.