सेन्सेईंना स्कोप विचारायला गेले तेव्हा

जपानमधल्या ग्योतोकुला आम्ही आलो नवऱ्याच्या बँकेमुळे आणि जिम्नॅस्टिक्समध्ये पडलो मुलीमुळे. स्टेशनमागच्या क्लबमध्ये शिकवणाऱ्या बाई चीनच्या. एकेकाळी तिथल्या चॅम्पियन होत्या, लग्नानंतर जपानला आल्या. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत. भिंतीवर त्यांचा जुना फोटो होता, पाय थेट कानाला लावलेला. तो बघूनच माझी कंबर धरायची.

मुलगी दहा वर्षांची झाली आणि निवडक मुलींच्या बॅचचा फॉर्म घरी आला. आठवड्यातून पाच दिवस सराव. घरात लगेच गोलमेज परिषद भरली. दोन वर्षांनी पुण्याला परतायचं, मग गणिताचं काय, मराठीचे तर आधीच बारा वाजलेत, आणि मुख्य म्हणजे यात स्कोप काय? नवऱ्याने ठराव पास केला की नाही म्हणून सांगायचं, आणि सांगायचं मी. मुलगी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

माझं जपानी भाजी, कचरा आणि हवापाणी यांपलीकडे जात नाही. म्हणून दुभाषी म्हणून मी मुलीलाच नेलं. जिच्यावर खटला तिलाच वकील नेमायची अक्कल माझीच.

सेन्सेईंसमोर बसून मी तोंड वर करून विचारलं, इतकी वर्षं घालवून तुम्हाला मिळालं काय? आज आठवलं की लाज वाटते. पण त्या रागावल्या नाहीत, बराच वेळ बोलल्या. पाचव्या वर्षी घर सुटलं, सरावाच्या शाळेतच राहायचं. आई वर्षातून एकदा दिसायची. देशात पहिल्या आल्या त्या दिवशीही घोटा सुजलेलाच होता. आता जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मुलगी एकेक वाक्य मराठीत सांगत होती. गोड करून सांगेल, सोयीचं तेवढंच सांगेल, असा मला संशय होता. पण एरवी मला जपानीत उत्तरं देणारी माझी लेक तिथे स्वच्छ मराठी बोलत होती आणि काहीच गाळत नव्हती.

मग सेन्सेई तिच्याकडे बघून काहीतरी बोलल्या आणि ती थांबली. काय म्हणाल्या, मी विचारलं.

"त्या म्हणतात, मी चॅम्पियन नाही होणार. माझे खांदे कडक आहेत आणि मी उशिरा सुरू केलं. पण मला आवडतं, म्हणून फॉर्म पाठवला."

खरं तर आयता नकार हातात आला होता. नमस्कार करून उठायचं, एवढंच. पण माझं डोकं फिरलं.

"त्यांना सांग, नाही होणार हे ठरवणाऱ्या त्या कोण? आणि हे मुलीच्याच तोंडून वदवायचं?"

मुलगी म्हणाली, आई, नाही म्हणायला तर तूच आली होतीस. तरी तिने सांगितलं, बहुधा जरा मऊ करून. सेन्सेईंनी मान लववून माफी मागितली आणि मग त्या हळूच काहीतरी बोलल्या. मुलीने तेही सांगितलं.

"त्यांच्यासाठी भांडायला त्यांची आई कधी आली नाही म्हणे. शाळेवाले येऊच द्यायचे नाहीत."

मला एकदम रडू आलं. ते लपवायला मी पर्समध्ये पेन शोधत बसले, आणि ते सापडल्यावर फॉर्मवर सही करून टाकली. नवऱ्याला काय सांगायचं ते पुढचं पुढे.

बाहेर बूट घालताना मुलीने मराठीतच विचारलं, "आणि खरंच चॅम्पियन नाही झाले तर?"

"तर नाही झालीस," मी म्हटलं. "रोज घरी जेवायला ये म्हणजे झालं."