सतरा नंबरची चिठ्ठी

...तर तो उंदराचा पिंजरा आण्णांनी स्वतःच बाजारातून आणला होता, हे काल सांगायचं राहूनच गेलं. आता ज्यानं भाकरी खायची त्यानंच पिंजरा आणायचा, त्यात स्वतःच्या हातानं खोबऱ्याचा तुकडा अडकवायचा आणि सकाळी उठून बायकोला सांगायचं, "आज बी सुटला बघ. लई हुशार हाय लेकाचा." याला काळीज लागतं. आणि खरं सांगायचं तर तो खोबऱ्याचा तुकडाही रात्री आण्णाच खायचे.

हे आण्णा म्हणजे नीलम नगरातले गुरुसिद्ध आण्णा. चौतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर काढली, आणि त्यातली तीस रातपाळीत. गेल्या दिवाळीला घरी बसले. मुलगा-सून पुण्यात. घरात उरले दोघं, आण्णा आणि दानम्मा. दानम्माचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं नवऱ्याला हाक मारायची ती कानडीतल्या 'री'नं. बाई मोठी करती. अकरा बायकांचा बचत गट तिनं उभा केला होता. ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायच्या, अगदी पापडासारख्या पातळ, दहा-दहाची पाकिटं बांधायची आणि पुण्याच्या एका दुकानाला पाठवायची. पाकिटं बांधायला शेजारची अजीजा. खोकी ट्रॅव्हल्सवर नेऊन टाकायला अजीजाचा नवरा मकदूम, त्याची रिक्षा आहे. माल मात्र सगळा आण्णांच्या पुढच्या खोलीत.

आता माणूस रिटायर झाला म्हणून त्याचं पोट काही रिटायर होत नाही. कारखान्यात रात्री दीडला सुट्टी व्हायची, डबा उघडायचा. तीस वर्षांची सवय! घरी आल्यावरही बरोबर दीडला आण्णांचे डोळे टक्क उघडायचे. भूक म्हणाल तर नव्हती. रात्री दानम्माच्या हातची आमटी-भाकरी ओरपूनच निजायचे. पण करायचं काय? दिवसभर लोळून काढलेला, झोप शिल्लक नाही. छताकडं बघायचं, पंख्याची पाती मोजायची. ती तीनच. मोजून झाली की पुढं काय? मग आण्णा उठायचे आणि अंधारात पुढच्या खोलीत जायचे.

पहिले काही दिवस घरच्या टोपलीतली भाकरी झाली. पण दानम्मा सकाळी टोपली बघते. मग आण्णांनी विचार केला की शेकड्यांनी भाकरी पडलीय इथं, एकानं काय होतंय? मेणबत्ती पेटवायची, पाकिटाचं तोंड अलगद उकलायचं, एक भाकरी काढायची, हॅक्सॉ ब्लेडवर प्लॅस्टिक दुमडून मेणबत्तीच्या आचेवरनं सर्र फिरवायचं. झालं पाकीट बंद! हात मागावरचा, काम असं सफाईदार की अजीजालाही ओळखू येऊ नये. मग कोपऱ्यात बसून शेंगाचटणीबरोबर ती भाकरी सावकाश खायची. पाऊण तास आरामात जायचा.

मात्र यात एक गोम होती, आणि ती साऱ्या गल्लीत एकट्या आण्णांनाच ठाऊक नव्हती. कडक भाकरी मोडली की आवाज होतो. साधासुधा नाही, वाळक्या पाचोळ्यातनं बैल गेल्यासारखा. पण आण्णांनी तीस वर्षं डबा खाल्ला तो साठ मागांच्या खडखडाटात. तिथं शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू यायचं नाही, तिथं स्वतःचं चावणं कुठलं ऐकू यायला? त्यात मागांनी कान निम्मे नेलेलेच. चावण्याला आवाज असतो हेच त्या माणसाला कधी कळलं नव्हतं. त्यामुळं रात्री दीडच्या शांततेत आण्णा निवांत कुर्रम कुर्रम करत बसायचे, आणि आत दानम्मा तोंडात पदर कोंबून हसायची.

"भाभी, सीधा बोल दो ना उनको," अजीजा म्हणायची.

"नको गं. चोर म्हटलं की माणूस दुसऱ्या दिवशी जास्त हुशारीनं चोरतंय. आणि सकाळचं ते तोंड बघायला मिळतंय की मला! 'उंदीर लई झाल्यात' म्हणताना असलं गंभीर करतेत, असलं गंभीर, जसं काय पंचायतीत बसलेत."

असे चार महिने गेले. दानम्मा रोज संध्याकाळी पाकिटं मोजायची, एखादं हलकं लागलं की गुपचूप भरून टाकायची. पण प्रत्येक पाकीट कुठं हातात येतंय? दोन नजरेतनं सुटली, आणि पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. दोन गिऱ्हाइकांच्या पाकिटात नऊच भाकऱ्या निघाल्या होत्या. "मावशी, माल तुमचा एक नंबर. पण अजून एक जरी तक्रार आली ना, तर मी दुसरीकडनं घेणार."

आता हसण्यावारी न्यायची गोष्ट उरली नाही. अकरा चुली त्या दुकानावर चालत होत्या. दानम्मा दिवसभर भाकरी थापत राहिली आणि विचार करत राहिली. आण्णांनी फोन ऐकला होताच. संध्याकाळी त्यांनी पिंजऱ्याची जागा बदलली आणि म्हणाले, "आता दाराजवळ ठेवतो. तितनंच येत असणार."

"पिंजरा राहू दे री," दानम्मा म्हणाली. "मी म्हणते, मोजायचं काम तुम्हीच घ्या. अजीजा भरेल, तुम्ही मोजा आणि चिठ्ठी टाका."

"कसली चिठ्ठी?"

"तुमच्या कारखान्यात टाकत होते तसली. टॉवेलच्या गठ्ठ्यात."

आता ही चिठ्ठी काय, ते सांगायला हवं. कारखान्यात प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी जायची, तिच्यावर माग नंबर आणि विणणाऱ्याचं नाव. व्यापाऱ्याकडं माल उलगडला आणि एक धागा तुटलेला दिसला, की ती चिठ्ठी घेऊन गठ्ठा परत यायचा, सगळ्यांच्या देखत. आण्णांचा माग सतरा नंबरचा. चौतीस वर्षांत त्यांचा एकच गठ्ठा परत आला होता, तोही दुसऱ्याच्या चुकीनं. तरी माणूस दोन दिवस जेवला नव्हता. दानम्माला ते बरोबर आठवत होतं. बाई काय विसरते म्हणता?

आण्णांची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी वहीचे कागद फाडून त्यांनी वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या: 'भाकरी दहा. मोजणार गुरुसिद्ध, नं. १७.' अजीजा म्हणाली, "आण्णा, यहाँ माग कहाँ है? सतरा किसका?" तर आण्णा म्हणाले, "नंबर माणसाचा असतो, मागाचा न्हाय."

आठ रात्री गडी टिकला. दीडला उठायचं, पुढच्या खोलीत जायचं, पाकिटाला हात लावायचा, आतली चिठ्ठी दिसायची, हात मागं. एका रात्री सगळ्या बरण्यांची झाकणं घट्ट केली. एका रात्री पायाची नखं काढली. एका रात्री तर मुलाच्या लग्नातली सगळी आहेरपाकिटं काढून कोणी काय शब्दांत शुभेच्छा लिहिल्या ते वाचत बसले.

नवव्या रात्री वीज गेली. पंखा बंद, डास, मोबाइलला चार्ज नाही, मोजायला पंख्याची पातीही दिसत नाहीत. आण्णा उठले. मेणबत्ती सापडली, ती निम्मी. पुढं काय झालं ते आण्णांच्या डोक्यानं केलंच नाही, हातांनी केलं. पाकीट उकललं, भाकरी आली, पाकीट बंद झालं. उजेड कमी, मेणबत्ती फडफडणारी, त्यामुळं पाकिटाचं तोंड जरा तिरकं चिकटलं. असू दे म्हटलं. खाल्ली, पाणी प्यायले आणि बाळासारखे झोपले.

सकाळी सहाला डोळा उघडला आणि डोक्यात लख्ख पडलं. चिठ्ठी! नऊ भाकऱ्यांच्या पाकिटात 'भाकरी दहा, मोजणार गुरुसिद्ध' जातंय! पुढच्या खोलीत आले तर खोली रिकामी. मकदूमनं पहाटेच खोकी नेली होती.

आण्णांनी घरच्या टोपलीतली एक अख्खी भाकरी उचलली, काडेपेटी, मेणबत्ती आणि ब्लेड घेतलं आणि तसेच बनियनवर शेजारी धावले. मकदूम नुकताच परत येऊन चहात पाव बुडवत होता.

"क्या आण्णा, सुबू-सुबू?"

"गाडी सुटली काय रं पुण्याची?"

"सात बजे छूटती. क्यूँ?"

"चल."

"चाय तो..."

"चल म्हणतो न्हवं!"

नीलम नगर ते सात रस्ता, ट्रॅव्हल्सच्या थांब्यापर्यंत. मागच्या सीटवर आण्णा, मांडीवर पंचा आणि पंच्यावर भाकरी, दोन्ही हातांनी धरलेली, जशी काय ओली बाळंतीण दवाखान्यातनं घरी चाललीय. पुढं गतिरोधक दिसला की मागनं आवाज, "हळू, हळू, हळू!" आयुष्यात पहिल्यांदा एक भाकरी न मोडता इतका वेळ आण्णांच्या हातात टिकली.

गाडी उभी होती. चार खोकी टपावर चढवलेली. आण्णांनी ती खाली काढायला लावली आणि रस्त्यावरच उकिडवे बसले. एका खोक्यात चाळीस पाकिटं. पण दोन हजार धाग्यांत एक तुटका हेरणारा डोळा तो, त्याला तिरकं तोंड कितीसं लपणार? तिसऱ्या खोक्यात सापडलं. उकललं. मोजल्या. नऊच.

ट्रॅव्हल्सवाला पोरगेला मॅनेजर डोक्यावर येऊन उभा. "काका, गाडी सुटायला पाच मिनिटं राहिली. काय करताय हे?"

"एक कमी हाय."

"काय कमी आहे?"

"भाकरी."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. "एक भाकरी? अहो काका, जाऊ द्या की! एवढी चार खोकी आहेत. एकानं काय होतंय?"

आता बघा, हे वाक्य आण्णांनी स्वतः चार महिने रोज रात्री मनाशी म्हटलेलं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि म्हातारा ताडकन उभा राहिला. बनियनवर, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात पेटती मेणबत्ती. "एकानं काय होतंय? एकानं काय होतंय? अरे, नंबर हाय माझा त्याच्यावर! अकरा बायका मरमर मरतेत तितं तव्यापुढं, आणि तू म्हणतोस एकानं काय होतंय?" गाडीतले निम्मे प्रवासी खिडकीतनं डोकी काढून बघायला लागले. एका आजीबाईनं तर देवाचं काही असेल म्हणून हात जोडले.

भाकरी आत गेली. ब्लेडवर सर्र आच फिरली. तोंड सरळ, रेघेत. गाडी सुटली.

परत येताना रिक्षात आण्णांनी पंचा झटकून घडी घातली. मकदूमला मात्र हसू आवरत नव्हतं. शेवटी तो म्हणालाच, "आण्णा, एक बात बोलूं? रात को लाइट नै थी, फिर बी खाए ना तुम?"

आण्णा चमकले. "तुला कुणी सांगितलं?"

"कौन बोलेगा? बीच में एकीच दीवार है! हमारे घर में घडी नै देखते. तुम्हारी भाकरी टूटी कि अजीजा बोलती, डेढ बज गया, सो जाओ."

"ऐकू येतं?"

"सामने के पेपरवाले कू बी आता!"

आण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतनं विचारलं, "दानम्माला?"

मकदूम नुसता हसला आणि हॉर्न वाजवला.

घरी दानम्मा परातीत भाकरी थापत होती. आण्णा दारातच उभे राहिले. तिनं वर बघितलं, बनियन बघितलं, हातातलं ब्लेड बघितलं.

"सापडलं का पाकीट?"

"सापडलं. भरलं." आण्णांनी ब्लेड कोनाड्यात ठेवलं. "चार महिने ऐकत होतीस, तर एकदा बोलली का न्हाईस?"

"अय्यो, बोलून काय झालं असतं? तुम्ही आवाज न करता खायला शिकला असता!"

आण्णांना हसू फुटलं. इतकं हसले की खाली बसावं लागलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पिंजरा उचलला आणि भंगारवाल्यासाठी बाहेर ठेवला.

त्या दिवसापासून पहाटे खोकी पोचवायला मकदूमबरोबर आण्णाही जाऊ लागले. येताना भाजी, दुपारी ज्वारी निवडायची, संध्याकाळी मोजणी. दिवसा लोळायला वेळच नाही, त्यामुळं नऊला डोळे मिटू लागले. तरी कधीकधी दीडला जाग यायचीच. तीस वर्षांची सवय, ती काय एका सकाळीत जाते? पण पुढच्या खोलीतनं आवाज मात्र येईना. पुण्याहून तक्रार आली नाही, उलट आषाढात दुकानदारानं माल वाढवून मागितला आणि गटात आणखी तीन बायका आल्या.

एका सकाळी दानम्मानं चहा देताना विचारलं, "री, काल रात्री बराच वेळ जागे होता. खाल्लं तर काही नाही. मग कंटाळा आल्यावर करता तरी काय?"

आण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "करायचं काय? येतो कंटाळा, बसतो पायथ्याशी. मी म्हणतो, बस बाबा, तुला बी कुटं जायाचं न्हाय, मला बी न्हाय. पण खायाला मागू नगंस. ज्याला भूक न्हाय त्याला वाढायची आमच्यात पद्धत न्हाय."