कमरेइतका चुना

आमच्या नाल्यातला गाळ आणि आमच्या कॉलनीतले किस्से, दोन्ही उपसून संपत नाहीत. झाशीला नगऱ्यातल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आम्ही चार मराठी घरं, आणि पाठीमागे नाला. मे महिन्यात धुळीची आंधी आली, मागोमाग तासभर पाऊस कोसळला, की नाला तळमजल्यात शिरायचा. सगळ्यात आधी सबनीसांकडे, कारण त्यांचं क्वार्टर टोकाला, उतारावर.

*

नाला दरवर्षी साफ व्हायचा, खोटं कशाला बोलू? मजूर गाळ काढायचे आणि काठावरच रचून ठेवायचे. पहिली आंधी आली की तो मुकाट्याने परत आत. मी एकदा मुकादमाला झापलं, तर म्हणतो कसा, "बाबूजी, ठेका निकालने का है. ले जाने का ठेका अलग निकलेगा."

तो अजून निघायचाय.

*

एकदा सबनीसांच्या घरात गुडघाभर पाणी. भिजल्या पायांनी ते तसेच ऑफिसात गेले, पंप मागायला. मीही बरोबर. तिथे तिवारीजी नावाचे बाबू. पान चघळत म्हणाले, "सबनीसजी, पंप बरसात में मिलता है. अभी बरसात लगी कहाँ? ये तो आंधी है."

म्हणजे वैशाखात घरात शिरलेलं पाणी सरकारच्या लेखी कोरडं! मला भयंकर संताप आला. सबनीस मात्र "जी" म्हणून परत फिरले.

*

सबनीसांच्या आईचं कमरेचं हाड मोडलेलं, तेव्हापासून त्या अंथरुणावर. पाणी आलं की आम्ही त्यांची खाट विटांवर चढवायचो. एका आंधीत विटाही बुडाल्या. पाणी ओसरेपर्यंत सबनीस आईला हातांवर घेऊन उभे होते.

म्हातारी जिभेची तिखट. स्वयंपाकघरातली पातेली तरंगत दाराकडे निघालेली बघून सुनेला म्हणाल्या, "अगं, त्यांना वरच्या मजल्यावर क्वार्टर मिळालं वाटतं."

आम्ही हसलो. सबनीसांनी आईला आणखी जरा वर उचलून धरलं.

*

वरचं क्वार्टर रिकामंच होतं, कुलूप घालून ठेवलेलं. सबनीसांनी अर्ज केला. तिवारीजी म्हणाले, "माताजी चल नहीं सकतीं, तो ऊपर चढ़ेंगी कैसे? ऐसे केस में ग्राउंड फ्लोर ही देते हैं."

"भैया," सबनीस म्हणाले, "एक ही बार चढ़ाना है. उतरेंगी तो चार कंधों पर."

तिवारीजींनी उठून खिडकीबाहेर पान थुंकलं. शेवटी म्हणाले, "बड़े साहब इंस्पेक्शन पर आ रहे हैं. उनको दीवार पर पानी का निशान दिखा दीजिए. वो बोल दें, तो चाबी उसी दिन आपकी."

*

आता रेल्वेत इंस्पेक्शन म्हणजे काय? झाड दिसलं, मार चुना. खांब दिसला, मार चुना. सगळी लाइन कमरेइतकी पांढरी. साहेब वरच्या क्वार्टरचं बघायला येणार, एवढं सबनीसांनी घरी सांगितलं होतं. भिंतीवरचे डाग दाखवायचेत, हे सांगायचं राहून गेलं.

सबनीस ड्यूटीवर असताना चुन्याची बादली घेऊन माणसं दाराशी आली. वहिनी मोठ्या टापटिपीच्या. म्हणाल्या, "भैया, अंदर भी मार दो. साहब देखेंगे तो क्या कहेंगे?" वर त्यांना चहाही पाजला.

सबनीस साहेबांना घेऊनच घरात शिरले. मी आणि तिवारीजी मागे. सबनीस पांढऱ्याशुभ्र भिंतीवर डाग शोधू लागले. कसंबसं म्हणाले, "सर, पानी यहाँ तक..."

साहेबांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि खूश झाले. "पूरी लाइन में सबसे साफ़ क्वार्टर," ते तिवारीजींना म्हणाले. "इनको यहीं रखिए. ऐसा आदमी नीचे रहेगा, तो बाकी लोग भी सीखेंगे."

साहेबांबरोबरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आतल्या खोलीत आईंना फक्त टाळ्या ऐकू गेल्या. म्हणाल्या, "सूनबाई, बांधाबांध करायला घे गं. माझी खाट शेवटी न्या."