तो इंग्रज नव्हता

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही शारजात रोल्लाला राहायचो आणि माझी साइट होती दुबईत, ऊद मेथाला. मी साइट इंजिनियर, पण ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झालेलो. म्हणून साइटचा जनरल फोरमन मला रोज पहाटे साडेपाचला घराखालून गाडीत घ्यायचा. साठीला आलेला, लाल तोंडाचा, जाड मनगटांचा गोरा. कंपनीतले बाकीचे गोरे दुबईत राहायचे, हा एकटाच शारजात.

पहिल्याच दिवशी मी बोलता बोलता म्हणालो, "तुम्ही इंग्रज लोक वेळेचे पक्के."

त्यानं गाडी कडेला घेतली. "उतर," म्हणाला. मला वाटलं, टायर बघायचाय. "मी इंग्रज नाही. आयरिश आहे. परत तसं म्हणणार असशील तर चालत ये."

मी सॉरी म्हटलं. त्यानं गाडी सुरू केली.

संध्याकाळी परतताना दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकायचं, तेव्हा तो बोलायचा. मी त्याला एकदा विचारलं, तुम्ही लोक मुळात कोण? तो म्हणाला, "कोणालाच नीट माहीत नाही. कोणी सांगतं, स्पेनहून बोटीनं आलो. मग उत्तरेचे लुटारू आले, ते लुटता लुटता तिथेच राहिले. मग नॉर्मन सरदार आले राज्य करायला. त्यांची नातवंडं आमची भाषा बोलायला लागली. माझं आडनाव त्यांच्यातलंच आहे. येऊन तिथला झाला तो आयरिश, रक्त कोण बघतं?"

"मग इंग्रज का नाही झाले तिथले?"

"ते आले. व्हायचं त्यांच्या मनात नव्हतं."

त्यांच्याकडच्या दुष्काळाचं त्यानं एकदाच सांगितलं. बटाटा जमिनीतच सडला, लोक गवत खाऊन मेले, आणि बंदरावर पहाऱ्यात धान्याच्या बोटी भरल्या जात होत्या. त्याच्या पणज्याच्या शाळेत मुलांच्या गळ्यात काठी बांधायचे. आपल्या भाषेतला शब्द तोंडातून निघाला की काठीवर एक खाच, आणि दुसऱ्या दिवशी जितक्या खाचा तितक्या छड्या. "आणि घरी खाच कोण पाडायचं माहीत आहे? आई-बाप. पोरानं इंग्रजी शिकून अमेरिकेला जावं म्हणून." त्याला स्वतःला ती भाषा येत नव्हती. प्रार्थना आणि आकडे, एवढंच उरलेलं.

एका शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला आला. माझी सात वर्षांची मुलगी, घरात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिनं त्याला विचारलं, तुम्ही इंग्लंडचे का? तो हसला. "नाही. आमच्यावर त्यांनी आधी हात साफ करून घेतला, मग ते तुमच्याकडे आले." मग त्यानं तिला आकडे शिकवले. दोनाला दो, तीनाला त्री. माझी बायको वाढता वाढता थांबली. म्हणाली, "अहो, हे आपल्यासारखंच आहे की."

तो देवमाणूस होता असं मात्र कोणी समजू नये. तेव्हा उन्हाळ्यात दुपारची सुट्टी द्यायचा कायदा नव्हता. ऑगस्टात दोन वाजता तो शटरिंगच्या सुतारांना वर स्लॅबवर ठेवायचा. बरेचसे सुतार सिंधुदुर्गातले. त्यातला एक जण चक्कर येऊन पडला. फोरमननं त्याला सावलीत ओढला, अंगावर बादली ओतली आणि वीस मिनिटांनी परत वर चढवला. "यल्ला, चल," एवढंच म्हणाला. मी गाडीत विषय काढला, तर म्हणाला, "माझा आजोबा इंग्लंडमध्ये बोगदे खणायचा. त्याला कोणी पाणी विचारलं नाही."

"म्हणून तू पण नाही विचारायचं?"

"तुझं ड्रॉइंग बघ तू."

ड्रॉइंगच मी नीट बघितलं नाही. दुसऱ्या मजल्यावर एका कॉलमची जागा नवीन रिव्हिजनमध्ये सरकली होती. मी जुना कागद हातात धरून खूण मारली. फोरमननं माझ्या खुणेवर कॉलम ओतला. चार दिवसांनी कन्सल्टंटच्या माणसानं टेप लावला आणि बोंब झाली. कॉलम तोडायचा, म्हणजे काम पंधरा दिवस मागे.

प्रोजेक्ट मॅनेजर इंग्रज होता. त्यानं मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. जुना कागद मी सकाळीच फाडून टाकला होता.

"तू रोज त्याच्या गाडीतून येतोस ना?"

"हो सर."

"त्या दिवशी सकाळी तो कसा होता? आयरिश आहे, मला माहीत आहे ते लोक कसे असतात. घेतलेली होती का त्यानं?"

मला सगळं ठाऊक होतं. तो थेंबभरसुद्धा पीत नव्हता. त्याच्या कॉलरवर एक छोटी लाल बदामाची पिन असायची. बारा वर्षांचा असताना चर्चमध्ये दारू न पिण्याची शपथ घेतली, तिची खूण. बाप पिऊन आईला मारायचा, म्हणून घेतलेली. दारू मिळत नाही म्हणूनच तो शारजात राहायचा. सुट्टीच्या दिवशी इमारतीखाली कोणी झिंगलेलं दिसू नये, एवढंच त्याला हवं होतं.

मॅनेजर पेन टेबलावर आपटत थांबला होता. माझी खूण, माझी नोकरी, बायकोचा आणि मुलीचा व्हिसा माझ्या नावावर. मी म्हणालो, "वास येत होता, सर."

मॅनेजर हसला. त्याला हवं तेच मी दिलं होतं. खुणेचं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

फोरमनला त्याच दिवशी काढलं. खलास. व्हिसा कॅन्सल करायचे कागद ऑफिसात तयार झाले. सुतारांना कळलं तेव्हा त्यांनी लाडू मागवले. चक्कर येऊन पडला होता त्यानंच मला लाडू दिला. म्हणाला, "घ्या सायब, गेला एकदाचा." मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला खाली हॉर्न वाजला. त्याला हिशेबाच्या कागदांवर सही करायला ऑफिसात जायचं होतं. मी टॅक्सीनं जाऊ शकलो असतो, पण बायको गॅलरीत उभी होती. बसलो गाडीत.

 शारजा संपल्यावर तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "मी पितो म्हणालास."

मी खिडकीची काच खाली केली.

"खूण तुझी होती. तू चुकलास हे मला टेप लावला तेव्हाच कळलं होतं. मी ओतायच्या आधी तपासायला हवं होतं, म्हणून गप्प बसलो. मी बावळट आहे म्हणाला असतास, म्हातारा झालोय म्हणाला असतास, तरी मी निमूट गेलो असतो." समोरची रांग थांबली, तसा त्यानं हँडब्रेक ओढला. "माझा बाप तसाच मेला, गटारात तोंड घालून. अठ्ठेचाळीस वर्षं मी त्याच्यासारखा झालो नाही. तू मला एका शब्दात त्याच्यासारखं केलंस. आणि कोणापुढे? त्या माणसापुढे."

"माझी मुलगी इथे शाळेत आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. आमच्याकडेही प्रत्येकाला पोरं होती. पोरांसाठीच लोक मालकाच्या कानाला लागायचे." आवाज त्यानं चढवला नाही. साइटच्या गेटवर त्यानं मला उतरवलं आणि मी दार लावायच्या आत गाडी पुढे नेली.

चौथ्या दिवशी तो आयर्लंडला परत गेला. मुलीनं दोनदा विचारलं, मी सांगितलं, त्याच्या घरी गेलाय. ते खोटं नव्हतं. बायकोला मी काहीच सांगितलं नाही. वाईट वाटलं का, असं कोणी विचारलं तर त्या वर्षी नाही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. मी साइटवर त्याच्या केबिनमध्ये बसायला लागलो, तिथला एसी जास्त गार होता. दुपारी सुतार वर असायचे, तेव्हा मीही त्यांना खाली बोलावलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये दुबईतल्या एका हॉटेलात आयरिश लोकांचा सण होता. मॅनेजर आम्हा चौघांना घेऊन गेला. हिरव्या टोप्या, हिरवे फुगे, बिअरचे ग्लास. आमच्या टेबलाशी एक आयरिश बाई येऊन बसली, कुठल्याशा शाळेत शिकवणारी. तिनं विचारलं, तुमच्या कंपनीत आमच्यापैकी कोणी आहे का?

"होता एक," मॅनेजर म्हणाला आणि अंगठा तोंडाशी नेऊन बाटली उलटी केल्यासारखं केलं. टेबल हसलं.

बाई हसली नाही. बहुतेक हे तिला रोजचंच असावं. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच पीत होता?" मी हिंदुस्थानी, इंग्रज नव्हे, मी तरी वेगळं काही सांगेन असं तिला वाटलं असेल.

मॅनेजर माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो. "रोज."

तिनं मान हलवली, पर्स उचलली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. मॅनेजरनं माझ्यासाठी अजून एक ग्लास मागवला.