पळती आगगाडी आणि एकच माइक

"ओ माइकवाले, माझी छबू काय म्हणायलीय? कायबी ऐकू येईना!"

मांडवाच्या मागच्या टोकाकडून एक बाई ओरडली.

सोनपेठजवळच्या एका खेड्यातली, सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. भर दुपारी शाळेपुढच्या मांडवात सरवदे बाईंच्या नव्या संगीत नाटकाचा पहिलाच प्रयोग चालू होता. बाई पूर्ण्याच्या, वडील रेल्वेत. म्हणून नाटकही आगगाडीचं. एक बकरी बिनतिकिटाची पिंगळीहून पूर्ण्याला निघते आणि टीसी तिच्या मागं लागतो. गाणी बाईंची, चाली बाईंच्याच. नटमंडळी तिसरी-चौथीतली.

निम्म्या पोरांचे आईबाप दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होते. पोरंही त्यांच्याबरोबर जाणार. बकरी झालेली छबूही त्यातलीच. म्हणजे पुन्हा प्रयोग नाही. जे काय व्हायचं ते आजच.

मी लाऊडस्पीकरचा धंदा नुकताच सुरू केला होता. एक माइक, एक मशीन आणि बांबूला बांधलेले दोन कर्णे, एवढाच संसार. माइक आवाज पकडतो, मशीन तो मोठा करतं, कर्णा तो लांब फेकतो. माइक मी स्टेजच्या मधोमध स्टँडवर लावला होता. भाषणाला तसाच लावतात.

पण भाषण करणारा माणूस एका जागी उभा असतो. इथं पोरं एकमेकांचे सदरे धरून स्टेजभर गोल धावत गात होती. माइकसमोरून जाताना कर्ण्यातून "बकरी बसली डब्यात" एवढं यायचं. मग नुसती पायांची धडधड. पुढच्या फेरीला एकदम "टीसी पडला!" मधलं सगळं गायब. पुढचे लोक हसून लोळत होते आणि मागचे एकमेकांना विचारत होते, "काय झालं, काय झालं?"

बाई धावत आल्या. "रशीदभाई, काहीतरी करा हो!"

"पोरांना एका जागी उभं करा की, बाई."

"गाडी थांबली तर नाटकात राहिलं काय?"

हेही खरंच होतं. मी शेजारच्या हेडमास्तरांचा हात धरून मशीनच्या बटनावर ठेवला. "सर, कर्णा किंचाळला की हे डावीकडं फिरवा."

"अहो, मला न्हाई जमायचं!"

"जमतंय, सर!"

माइक स्टँडवरून उपसला, वायर खांद्यावर टाकली आणि थेट स्टेजवर चढून बकरीच्या बाजूनं पळायला लागलो. आता शब्द न् शब्द मागपर्यंत पोचायला लागला. छबूनं मला खालीवर बघितलं आणि गाणं सोडून माइकमध्येच विचारलं, "ए, तुझं तिकीट कुठंय?"

हे नाटकात नव्हतं. मांडव फुटायचा बाकी राहिला. टीसी झालेल्या पोरानं बकरीला सोडलं आणि तो माझ्याच मागं लागला. मी पुढं, वायर मागं, तिच्यामागं टीसी. त्या गडबडीत मी कर्ण्याखाली गेलो. माइक कर्ण्यासमोर गेला की त्याचाच आवाज पुन्हा पकडतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. आमच्या धंद्यात यापरीस मोठी बेइज्जती नाही. हेडमास्तरांनी घाबरून बटन उजवीकडं फिरवलं. शिट्टी आणखी वाढली.

पोरं आनंदानं ओरडली, "इंजिनानं शिट्टी मारली! पूर्णा आलं, पूर्णा आलं!"

टाळ्या काही थांबेनात. छबूची आई पदरानं डोळे पुसत हसत होती आणि हाताशी येईल त्याला सांगत होती, "बकरी माझी हाय! ती बकरी माझी हाय!" लोकांनी नाटक पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. बाई म्हणाल्या, "शिट्टी तशीच राहू द्या." मला पुन्हा पळावं लागलं. खोटं कशाला सांगू, पळायला मीच जास्त उतावीळ होतो.

त्यानंतर कितीतरी वर्षं धंदा केला. कुणीही कार्यक्रम ठरवायला आला की मी तारखेच्या आधी एकच विचारायचो, "गाणारे उभे राहणार का पळणार?" लोकांना वाटायचं, ह्याचं डोकं फिरलंय. पण वायर किती न्यायची, ते त्यावरच ठरतं.